मीठवाल्या जीवांचं रंग-किट : टॉर्च फालतू, पुठ्ठ्याचा डबा एक नंबर

किटच्या डब्यावर जो फोटो आहे ना, अंधारात लाल-गुलाबी पेटलेली बाटली, तसं काही होत नाही. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना तेवढ्यासाठीच घ्यायचंय त्यांचे पैसे वाचतील. बाकीच्यांनी पुढे वाचा, कारण ते काऊन होत नाही हे कळल्यावर माझे तरी पैसे वसूल झाले, आणि किटच्या पुस्तिकेत ते कुठेच लिहिलेलं नाही.

घेतलं कशाला ते सांगतो. भाची बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, २८ फेब्रुवारीला कॉलेजात विज्ञान दिनाचं प्रदर्शन, आणि पोट्टीनं विषय घेतला लोणार. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं होतं ते आठवत असेल सगळ्यांना, लॉकडाऊनचे दिवस, व्हॉट्सॲपवर नुसते फोटोच फोटो, कोणी म्हणे प्रलय कोणी म्हणे उल्केचा कोप, मग हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठापर्यंत गोष्ट गेली, इथल्या नीरीनं (पर्यावरणावर संशोधन करणारी सरकारी संस्था) आणि पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले आणि निघालं काय तर हॅलोआर्किया, म्हणजे कडक खारट पाण्यात मजेत राहणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, खारटपणा वाढला, यांची गर्दी झाली आणि यांचा रंग पाण्याला आला. भाचीचा प्लॅन असा की समृद्धीवरून जायचं, मेहकरला उतरायचं, लोणारहून दोन बाटल्या भरून आणायच्या. मी म्हटलं बाई, ते अभयारण्य आहे, रामसर स्थळ पण आहे (म्हणजे जगाच्या यादीतली महत्त्वाची पाणथळ जागा), तिथून पाणी उचलून आणलं तर तुझं प्रदर्शन वनखात्याच्या ऑफिसातच भरेल. मग शोधाशोध करून हे किट सापडलं, २,३४९ रुपये, विकणाऱ्याचं नाव घेत नाही कारण पुढे त्याच्याबद्दल थोडं कडू बोलायचंय. सहा दिवसात आलं, डबा एका कोपऱ्यातून चेपलेला पण आतलं सामान धड.

आत काय होतं तर यूव्ही टॉर्च, घडी करून बनवायचा पुठ्ठ्याचा स्पेक्ट्रोस्कोप (उजेड फोडून त्यातले रंग दाखवणारा डबा), चार प्लास्टिकच्या चौकोनी क्युव्हेट (रंगाचं पाणी भरून बघायच्या छोट्या बाटल्या), मिठागरातल्या मेलेल्या हॅलोआर्कियाची लालसर खारट पावडर दोन छोट्या बाटल्यांत, स्पिरुलिनाची, म्हणजे एका सूक्ष्म शेवाळाची, हिरवी पावडर, ड्रॉपर, आणि बारा पानांची पुस्तिका जिच्यात निम्मी पानं कंपनीच्या बाकीच्या किटांची जाहिरात.

माझं स्वतःचं मेडिकल आहे, बी.फार्म केलेलं, त्यामुळे स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे कोणता रंग किती उजेड खातो ते मोजणारं यंत्र, माहीत होतं, वीस वर्षं झाली हात लावून तो भाग वेगळा. पण घरी, जेवणाच्या टेबलावर, रविवारच्या तर्री-पोह्यानंतर हे करायला जी मजा आली ती कॉलेजच्या लॅबमध्ये नव्हती, तिथं रीडिंग घ्या, ग्राफ काढा, सही घ्या, विषय संपला.

पहिली अडचण पावडरची. पुस्तिका म्हणते "पावडर पाण्यात टाका, हलवा, रंग पाहा." आम्ही टाकली नळाच्या पाण्यात, झालं गढूळ फिकट गुलाबी, सरबतात उष्टा चमचा बुडवल्यासारखं. यातली गंमत अशी की हे जीव मिठाशिवाय उभेच राहू शकत नाहीत, त्यांचं बाहेरचं कवच मिठाच्या आधारावर टिकून असतं, साधं पाणी लागलं की पेशी फुटतात. तेवढं तर आपल्याला पाहिजेच, फुटल्याशिवाय रंग बाहेर कसा येणार, पण जो लाल रंग आहे तो चरबीत राहणारा आहे, पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे फुटलेल्या पेशींचे तुकडे नुसते तरंगत राहतात आणि पाणी गढूळ दिसतं. म्हणून दोन पायऱ्या करायच्या. आधी थोड्याशा डिस्टिल्ड पाण्यात फोडायचं (दुकानातून इंजेक्शनच्या पाण्याची वायल आणली, त्याच्याइतकं स्वच्छ पाणी घरात कुठून येणार), आणि मग ॲसिटोन टाकायचं. ॲसिटोन टाकताच खाली पांढरा गाळ बसतो, घाबरायचं नाही, ते मीठ आहे, ॲसिटोनमध्ये मीठ टिकत नाही. वर राहतो तो रंग. आणि बाप्पा काय रंग! कोकमाच्या आगळासारखा म्हणावा तर तेवढा गर्द नाही, जास्वंदीसारखा म्हणावा तर थोडा नारिंगीकडे, भाची म्हणाली मामा, हे सावजीच्या रश्श्यावरचं तेल दिसून राहिलं. बरोबर होतं तिचं.

आता इथं माझी चूक. हे ॲसिटोन मी सरळ किटमधल्या प्लास्टिक क्युव्हेटमध्ये ओतलं. दोन मिनिटांत क्युव्हेटच्या भिंती दुधाळ झाल्या, पाचव्या मिनिटाला एक कोपरा मऊ होऊन दबला. ते पॉलिस्टायरीन, ॲसिटोन त्याला खाऊन टाकते, आणि हे बी.फार्म झालेल्या माणसाला माहीत असायला पाहिजे होतं, कबूल. पण पुस्तिकेत जर "जास्त गडद रंगासाठी ॲसिटोन वापरा" असं पान सातवर लिहिता तर मग क्युव्हेट काचेच्या द्या ना भाऊ, नाहीतर निदान एक ओळ लिहा. आम्ही शेवटी अत्तराच्या रिकाम्या चौकोनी काचेच्या बाटल्या वापरल्या. गोल वायल वापरू नका, ती भिंगासारखी उजेड वाकवते आणि सगळं धूसर दिसतं. आणि नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजेच ॲसिटोन असं समजून ते ओतू नका, त्यात रंग, तेल, वास काय काय मिसळलेलं असतं. हो, आणि गॅस बंद, खिडकी उघडी. ॲसिटोन भडकते.

आता पुठ्ठ्याचा डबा. हाच या किटचा हिरो. दिसायला एकदम गरीब, मिठाईचं खोकं घडी केल्यासारखा, एका टोकाला बारीक फट, दुसऱ्या टोकाला ग्रेटिंगचा, म्हणजे उजेड फोडणाऱ्या बारीक रेघांच्या फिल्मचा तुकडा, एका मिलिमीटरमध्ये हजार रेघा, आत छापलेली पट्टी ४०० ते ७०० नॅनोमीटरची (हे उजेडाच्या लहरीच्या लांबीचं माप, ४०० कडे जांभळा, ७०० कडे लाल). घडी घालायला वीस मिनिटं लागली, फेव्हिकॉल वेगळा लागतो. डोळ्याला लावून उजेडाकडे बघितलं की आतल्या भिंतीवर इंद्रधनुष्य पसरते.

पुस्तिका म्हणते "कोणत्याही एलईडी बल्बसमोर बाटली धरा." धरली. भाची ओरडलीच, "मामा, पट्टा दिसला! निळ्या आणि हिरव्याच्या मध्ये काळा पट्टा!" मलाही दिसला, एकदम झकास. मग मी सहज बाटली काढून घेतली, तर पट्टा जिथल्या तिथं. चेहरा बघायचा होता तिचा. झालं असं की पांढऱ्या एलईडीत निळा उजेड ४५० च्या आसपास उंच असतो, मग ४८० ला दरी, मग पुढे पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे एलईडीवरच्या पिवळ्या लेपाचा, पसरट उजेड. ती दरी एलईडीचीच, आपल्या रंगाची नाही. आणि नेमका आपल्या लाल रंगाचा एक पट्टा त्याच गल्लीत येतो, म्हणजे एलईडीनं बघणारा प्रत्येक जण फसणार. जुना तारेचा पिवळा बल्ब पाहिजे, त्याचा उजेड सलग असतो, मध्ये खड्डे नाहीत. आता तो कुठून आणायचा? आमच्या माळ्यावर एक साठ वॅटचा निघाला, दिवाळीच्या आकाशकंदिलातला. नसेल तर देवघरातला झिरोचा बल्ब पण चालतो, पण तो रंगीत काचेचा नको, साधा पारदर्शक पाहिजे. सूर्याकडे डायरेक्ट बघू नका, भिंतीवर पडलेलं ऊन बघा.

पिवळ्या बल्बसमोर पहिल्यांदा धरलं तर हिरव्याच्या पुढे सगळं काळं, निळा गायब, जांभळा गायब. पट्टे बिट्टे काही नाही, सरळ पडदाच. इथं बऱ्याच जणांना वाटेल किट खराब आहे. किट खराब नाही, रंग जास्त गडद आहे. शोषकता म्हणजे रंग किती उजेड खातो त्याचा आकडा, तो १ असला म्हणजे शंभरातला १० उजेड बाहेर येतो, २ असला तर फक्त १, आणि ३ असेल तर हजारात १, डोळ्याला ते आणि काळं सारखंच. म्हणून पातळ करा. एक भाग रंग, तीन भाग ॲसिटोन. मग परत तेवढंच. तिसऱ्या वेळी काळा पडदा फाटला आणि त्यातून पट्टे वेगळे झाले, एक हिरव्यात, एक हिरव्या-निळ्याच्या सीमेवर, आणि तिसरा निळ्यात, तो असेल-नसेल असा, कारण तारेच्या बल्बमध्ये निळा उजेड मुळातच कमी. दोन बोटं ठळक आणि एक करंगळी. हे तीन पट्टे म्हणजे बॅक्टेरिओरुबेरिन, हॅलोआर्कियाचा मुख्य लाल रंग, यंत्रावर ते साधारण ४७०, ४९५ आणि ५३० नॅनोमीटरला येतात.

पण आमच्या पट्टीवर ते सगळे वीसेक नॅनोमीटर सरकलेले दिसून राहिले होते. पुठ्ठा किती नीट दुमडला यावर ते ठरते. यावर उपाय पुस्तिकेत नाही पण सोपा आहे : जुना सीएफएल लावा. त्याचा उजेड सलग नसतो, रेघांचा असतो, हिरवी रेघ ५४६ ला, निळी-जांभळी ४३६ ला, नारिंगी-लाल ६११ ला. त्या जिथं दिसतील तिथं पेन्सिलनं खूण करायची आणि छापील आकडे विसरून जायचे. हे केल्यावर आमचे पट्टे पाच-सात नॅनोमीटरच्या फरकानं जागेवर आले. पुठ्ठ्याच्या डब्याकडून आणखी काय पाहिजे?

मग भाचीच्या डोक्यात आलं की संत्र्याच्या सालीचा रंग पण बघू. घरात मृग बहाराची संत्री होतीच, फेब्रुवारीत नागपुरात कोणाच्या घरी नसतात. साल किसली, स्पिरिटमध्ये भिजवली, गाळली, पिवळाधमक द्राव. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी. संत्र्याचा अंधार निळ्या-जांभळ्यातच थांबतो, हिरवा उजेड पूर्ण सोडून देतो, म्हणून ते पिवळं दिसते. मिठातल्या रंगाचा अंधार हिरव्यात घुसतो, म्हणून तो लाल दिसतो. दोघंही कॅरोटिनॉइडच, म्हणजे गाजर-टोमॅटोला रंग देणाऱ्या एकाच खानदानाचे. गाजरातल्या बीटा कॅरोटीनमध्ये ४० कार्बन आणि एकाआड एक दुहेरी बंधांची माळ ११ ची, बॅक्टेरिओरुबेरिनमध्ये ५० कार्बन आणि माळ १३ ची. माळ लांबली की रेणूला कमी ताकदीचा उजेडही पुरतो, म्हणजे पट्टे लालकडे सरकतात. नुसत्या दोन जास्तीच्या दुहेरी बंधांनी पिवळ्याचा लाल होतो, हे भाचीनं चार्टवर मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि मला वाटते अख्ख्या प्रोजेक्टमधली तीच सगळ्यात भारी ओळ होती.

आता टॉर्च. किटच्या डब्यावर लिहिलंय ३६५ नॅनोमीटर. पेटवला तर भिंतीवर मोठा जांभळा गोळा. खऱ्या ३६५ वाल्यात, समोर काळी फिल्टर काच असेल तर, पांढऱ्या भिंतीवर जवळजवळ काही दिसतच नाही, कारण डोळ्याला तो उजेड दिसत नाही. टॉर्च पांढऱ्या टाइलवर मारला आणि टाइल पुठ्ठ्याच्या डब्यातून बघितली, ४०० च्या थोडं अलीकडून जांभळा पट्टा सुरू. म्हणजे हा ३९५ वाला, नोटा तपासायला दुकानदार ठेवतात तो. माझ्या गल्ल्यातच तसा एक पडलेला आहे, दीडशेला घेतला होता. ३६५ चे पैसे घेऊन ३९५ द्यायचा ही साधी फसवणूक झाली. टॉर्चच्या तोंडात कोणी बघू नका, पोट्ट्यांच्या हातात देताना तर अजिबातच नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. लाल रंगाच्या बाटलीवर टॉर्च मारला. काही नाही. अंधार केला, पडदे ओढले, दाराखाली टॉवेल लावला, परत मारला. बाटलीवरचं कागदी लेबल निळं-पांढरं पेटलं, माझा शर्ट पेटला (साबणाच्या पावडरमधले ब्राइटनर), भाचीची नखं थोडी चमकली, आणि मध्ये ती लाल बाटली मख्ख. खऱ्या ३६५ नं पण मारून बघितलं, एका ओळखीच्यानं दिला होता एक दिवस, तरी मख्ख.

शेजारी स्पिरुलिना. तो दोन बाटल्यांत केला होता, एक पाण्यात, एक स्पिरिटमध्ये. पाण्यात निळा रंग उतरतो, फायकोसायनिन, स्पिरिटमध्ये हिरवा, क्लोरोफिल. हिरव्यावर टॉर्च मारला आणि तो रक्तासारखा लाल झाला. अक्षरशः. हिरवी बाटली, जांभळा उजेड, आणि आतून लाल. बायको स्वयंपाकघरातून बघायला आली, तिला वाटलं काही पेटलं. निळ्या बाटलीत पण लालसर चमक दिसली पण मंद, कारण फायकोसायनिनला खरं तर ६२० च्या आसपासचा नारिंगी उजेड आवडतो, टॉर्चचा जांभळा नाही. याच स्पिरुलिनाच्या जातभाईंमुळे लोणारचं पाणी एरवी हिरवट असते, त्यामुळे प्रोजेक्टला ते पण बसलं.

तर मग क्लोरोफिल पेटते आणि बॅक्टेरिओरुबेरिन काऊन पेटत नाही? दोघंही उजेड खातात, उलट लाल वाला तर जास्तच हावरट. फरक वेळेचा आहे. क्लोरोफिल उजेड खाऊन पाचेक नॅनोसेकंद तसंच बसून राहते, तेवढ्यात त्यातला काही भाग परत उजेड म्हणून बाहेर पडतो. कॅरोटिनॉइड उजेड खाऊन वरच्या पायरीवर चढते आणि तिथून पिकोसेकंदाच्या आतच खालच्या पायरीवर घसरते, आणि त्या पायरीवरून उजेड सोडायला रेणूच्या घडणीनंच जवळजवळ मनाई आहे, म्हणून मग काही पिकोसेकंदात उरलेली सगळी ऊर्जा उष्णता म्हणून टाकून मोकळं होते. बीटा कॅरोटीनचं हे सगळं दहाएक पिकोसेकंदात आटपते. हजार पिकोसेकंद म्हणजे एक नॅनोसेकंद. भाचीला मी असं सांगितलं : क्लोरोफिल म्हणजे बर्डीला सिटी बसमध्ये चढून खिडकीशी बसलेले काका, कंडक्टर निवांत येतो, तिकीट फाडतो. लाल वाला म्हणजे पुढच्या सिग्नलला चालत्या गाडीतून उडी मारणारा पोट्टा, कंडक्टर वळून बघते तोवर हा गायब. चमक म्हणजे ते तिकीट. अगदीच फाटत नाही असं नाही, पण दहा हजारात एखादं, आणि ते आपल्या डोळ्याला काय दिसणार.

आणि याचं काम बघितलं तर ते न चमकणंच बरोबर आहे. मिठागर म्हणजे काय, सावली नाही, झाड नाही, वरून ऊन, खालून मिठाची चकाकी. तिथं राहणाऱ्याला असा रंग पाहिजे जो उजेड झेलून चटकन उष्णता करून टाकेल आणि उन्हानं तयार झालेला तापट ऑक्सिजन पण थंड करेल. मे महिन्यात आपल्याकडे पोट्ट्या ॲक्टिव्हावर जाताना डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यानं गुंडाळतात ना, बॅक्टेरिओरुबेरिन हा तो दुपट्टा.

पुस्तिकेत आणखी एक घोळ. ते म्हणतात बाटलीत "जांभळा बॅक्टेरिओरोडॉप्सिन" आहे जो "सूर्यप्रकाशानं चमकतो." बॅक्टेरिओरोडॉप्सिन वेगळी गोष्ट आहे. ते प्रथिन आहे, त्यात रेटिनल बसलेलं, म्हणजे आपल्या डोळ्यात असते तेच, अ जीवनसत्त्वाचं भावंड. ते ५६८ च्या आसपासचा उजेड खाते म्हणून जांभळं दिसते, आणि खाल्लेल्या उजेडावर पेशीतून प्रोटॉन बाहेर ढकलते, एक चक्कर साधारण दहा मिलिसेकंदात. १९७१ मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी ते जगासमोर आणलं, पुढे रिचर्ड हेंडरसन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं त्याचा आकार काढला, त्याच वाटेवरच्या कामासाठी २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. एवढी मोठी चीज, आणि तुम्ही ॲसिटोनमध्ये टाका म्हणता? ॲसिटोननं प्रथिनाचा चुराडा होतो, जांभळं राहील कुठून. चमकण्याचं म्हणाल तर त्याची पण चमक नावापुरती, लालच्याही पलीकडे, लेझर आणि भारी कॅमेरा असेल तर. गंमत म्हणजे याच कुटुंबातल्या आर्किरोडॉप्सिनची ती मिणमिणती चमक मेंदूच्या पेशीतलं व्होल्टेज बघायला वापरतात. पण दीडशेच्या टॉर्चनं नाही.

आणि हो, पुस्तिकेत सगळीकडे "गुलाबी जीवाणू." हॅलोबॅक्टेरियम या नावात बॅक्टेरियम असलं तरी ते आर्किया आहे, म्हणजे जीवाणूंपेक्षा वेगळ्याच घराण्यातला सूक्ष्मजीव, नाव जुनं, वर्गीकरण नंतर बदललं. मिठातला खरा लाल जीवाणू पण आहे, सॅलिनिबॅक्टर रुबर, आणि त्याची तऱ्हा अजून वेगळी, तो त्याच्या कॅरोटिनॉइडनं झेललेला उजेड वाया न घालवता त्यातला बराचसा शेजारच्या रेटिनलला देतो. म्हणजे चालत्या बसमधून उडी मारणाऱ्या पोट्ट्याला खाली कोणीतरी झेलते. पण तो या किटमध्ये नाही.

प्रदर्शनात दाखवायला मात्र काहीतरी पेटणारं पाहिजेच होतं, आणि इथं आमचा जुगाड कामी आला, किटच्या बाहेरचा. दुकानातून बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल आणली, फोडून पावडर पाण्यात टाकली. त्यातलं रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, टॉर्चखाली हिरवट-पिवळं चमकते, ५२५-५३० च्या आसपास. आता तीच लाल बाटली या चमकणाऱ्या ग्लासासमोर धरा आणि तिच्यातून बघा. हिरवं गेलं. मळकट नारिंगी तेवढं उरलं, कारण रायबोफ्लेविनची चमक नेमकी त्या लाल रंगाच्या हिरव्या पट्ट्यात सापडली. आणि तीच बाटली क्लोरोफिलच्या लाल चमकेसमोर धरली तर चमक जशीच्या तशी आरपार. एक बाटली, दोन चमका, एक खाल्ली एक सोडली. प्रदर्शनात लोकांनी रांग लावली ती याला, आणि एका सरांनी भाचीला विचारलं की हे कोणत्या पुस्तकातलं, ती म्हणाली मामाच्या मेडिकलमधलं. रामन साहेब १९१० मध्ये नागपुरात सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते, ते तिनं चार्टच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ते कोणी वाचलं नाही.

सर्व्हिसबद्दल. टॉर्चचं मेल केलं तर उत्तर आलं "सर, टॉर्च पूर्ण चार्ज करून पुन्हा प्रयत्न करा." टॉर्च सेलवर चालतो. परत मेल केलं, डब्यातून काढलेला फोटो पाठवला, ४०० ची खूण दाखवून. उत्तर आलं "व्हिडिओ पाठवा." व्हिडिओ पाठवला. मग पुढच्या खरेदीवर १५० रुपयांचं कूपन. पुढची खरेदी कोण करून राहिलं? क्युव्हेटबद्दल विचारलं त्याचं उत्तर अजून नाही. फोनवर बोलणारी मुलगी मात्र बिचारी चांगली होती, पण तिला नॅनोमीटर म्हणजे काय हे कोणी सांगितलेलंच नव्हतं, तिच्यावर चिडून काय होणार.

माझे पाचपैकी तीन स्टार. दोन स्टार पुठ्ठ्याच्या डब्याला, एक पावडरला, टॉर्चला आणि पुस्तिकेला शून्य. नुसता डबा आणि पावडर सातशे-आठशेत देत असतील तर डोळे मिटून घ्या. पूर्ण किट घ्यायचंच असेल तर काचेच्या दोन चौकोनी बाटल्या, तारेचा बल्ब आणि एक सीएफएल आधीच शोधून ठेवा, सीएफएल आता भंगारवाल्याकडेच मिळतात आणि आत पारा असतो, फोडू नका.

एक राहिलं. काढलेला रंग उजेडात ठेवू नका. आमची एक बाटली प्रदर्शनानंतर दुकानाच्या काउंटरवर राहिली, समोरून ऊन येते, आठ दिवसात फिकट पिवळी आणि मग पाण्यासारखी झाली. पेशीत असताना एवढं ऊन झेलणारा रंग, बाहेर काढून ॲसिटोनमध्ये एकटा सोडला की उजेड आणि हवा त्याला संपवतात. उरलेली पावडर फ्रीजच्या दारात आहे, अंड्यांच्या शेजारी, आणि त्या बाटलीवर बायकोनं चिठ्ठी चिकटवलीय, "हे मीठ नाही".